लेनीला काय दुखत होतं? एका दयामरणाचा प्रकरण अभ्यास

जॉन स्टाइनबेकची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही कादंबरी १९३७ साली आली. एका बैठकीत वाचून होईल एवढी लहान. तिच्या शेवटी एक माणूस आपल्या जिवाभावाच्या सोबत्याच्या मानेमागे पिस्तूल धरतो आणि गोळी झाडतो. मरणाऱ्याला काही कळत नाही. तो नदीपलीकडे बघत आपल्या सशांबद्दल ऐकत बसलेला असतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्या पाण्यातच मारणाऱ्याला माफी मिळून जाते. दयामरणाचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास दिलं जातं. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांपुढे मी हे प्रकरण चर्चेला ठेवते, तेव्हा बहुतेक मुलं बघता बघता निकाल देऊन मोकळी होतात: जॉर्जपुढे दुसरा मार्गच नव्हता.

मला हा निकाल पटत नाही. जॉर्जला फासावर द्यायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या कारणासाठी आपण त्याला सोडून देतो, ते कारण नीट तपासलं तर टिकत नाही. म्हणून हे प्रकरण एखाद्या खऱ्या घटनेसारखं, पहिल्यापासून मांडते.

हकीगत

मंदीचा काळ. कॅलिफोर्नियात सलीनास नदीच्या खोऱ्यात, सोलेदाद गावाच्या दक्षिणेला काही मैलांवर एक मोठा मळा आहे. तिथे धान्याच्या गोण्या उचलायला दोन फिरते मजूर येतात. जॉर्ज मिल्टन लहान चणीचा आणि चलाख. लेनी स्मॉल अंगानं आडदांड, बुद्धीनं लहान पोर. लेनीला त्याच्या क्लारा मावशीनं वाढवलं. ती गेली, तेव्हा तो जॉर्जच्या मागोमाग कामावर आला आणि त्याच्याबरोबरच राहिला. दोघांचं रक्ताचं नातं नाही. जॉर्ज त्याच्यावर खेकसतो, तू नसतास तर मी किती सुखात असतो असं ऐकवतो, पण त्याच्या वाटणीचं कामाचं कार्डसुद्धा स्वतःच्या खिशात सांभाळतो.

लेनीला मऊ काही दिसलं की हात लावायचा असतो. उंदीर, पिल्लू, मखमल, काहीही. आपल्या हातात किती जोर आहे हे त्याला उमगत नाही, त्यामुळे उंदीर मरतात. आधीच्या कामावर, वीड गावात, त्यानं एका मुलीचा लाल झगा चिमटीत धरला. ती किंचाळली, तसा तो घाबरून आणखी घट्ट धरून बसला. लोक धावले, आणि हे दोघं शेताच्या पाटात लपून कसेबसे सुटले.

दोघांचं एक स्वप्न आहे: दहा एकर जमीन, लहानसं घर, आणि लेनीनं घास घालायचे ससे. जॉर्जच्या नजरेत असलेल्या जागेची किंमत ६०० डॉलर आणि महिन्याचा पगार ५० डॉलर. मळ्यावर झाडलोट करणारा म्हातारा कँडी यंत्रात हात गमावून बसला होता आणि त्याची २५० डॉलर भरपाई त्याला मिळाली होती. स्वतःची शिल्लक मिळवून तो ३५० डॉलर घालायला तयार होतो. एका संध्याकाळी ते स्वप्न हाताशी आल्यासारखं वाटतं.

मग रविवारची दुपार. मालकाचा मुलगा कर्ली, त्याची तरुण बायको कोठारात लेनीशी बोलत बसते. तिचं ऐकणारं मळ्यावर कोणी नाही. ती स्वतःच म्हणते, माझे केस किती मऊ आहेत, हात लावून बघ. लेनी कुरवाळतो, मग हात सोडत नाही. ती ओरडते. जॉर्ज रागावेल या धास्तीनं तो तिचं तोंड दाबून धरतो, तिला हलवतो, आणि तिची मान मोडते.

या बाईला कादंबरीत नाव नाही, ‘कर्लीची बायको’ एवढीच तिची ओळख. लेनीच्या मरणावर तासभर बोलणारे वर्गही तिच्या मरणावर दोन मिनिटं बोलत नाहीत. या प्रकरणातली पहिली मयत ती आहे, आणि लेनीवर दया दाखवताना तिचा हिशेब बुडवायचा नाही, एवढं मी सुरुवातीलाच सांगून ठेवते.

लेनी पळून नदीच्या डोहाशी जातो. काही भानगड झाली तर इथे येऊन झुडपांत लप, असं जॉर्जनं पहिल्याच रात्री त्याला बजावलेलं असतं. जॉर्ज तिथे एकटा येतो. त्याला टोपी काढायला लावतो, पलीकडे बघायला सांगतो, आणि दहा एकर, गाय, कोंबड्या, ससे ही नेहमीची गोष्ट पुन्हा सांगतो. मी तुझ्यावर रागावलेलो नाही, कधीच नव्हतो, हेही सांगतो. झुडपांतून माणसांच्या हाका जवळ येत असतात. त्याचा हात थरथरतो, स्थिर होतो, आणि तो चाप ओढतो.

आधीची गोळी

ही गोळी समजून घ्यायला आधीची एक गोळी बघावी लागते. कँडीचा एक म्हातारा कुत्रा आहे. दात पडलेले, डोळ्यांनी जवळजवळ आंधळा, सांधे धरलेले. पिल्लू असल्यापासून तो कँडीजवळ आहे. मजुरांच्या खोलीत कार्लसन नावाच्या मजुराला त्याचा वास सहन होत नाही. त्याचं पहिलं वाक्य वासाबद्दलच आहे. त्यानंतर तो म्हणतो, याचा तुला उपयोग नाही, आणि त्याला स्वतःलाही काही सुख नाही. मग म्हणतो, मी मारतो, त्याला कळणारसुद्धा नाही. गोळी डोक्याच्या मागे नेमकी कुठे घालायची, ती जागा तो बुटाच्या टोकानं दाखवतो.

या वाक्यांचा क्रम बघण्यासारखा आहे. सुरुवात मारणाऱ्याच्या गैरसोयीतून होते आणि शेवट मरणाऱ्याच्या भल्यात. मधली पायरी उपयोगाची. कँडी एकेकाच्या तोंडाकडे बघतो. स्लिम हा खेचरांचा गाडा हाकणारा कसबी माणूस आणि मळ्यावर त्याचा शब्द अखेरचा. स्लिम म्हणतो, मी म्हातारा आणि पांगळा झालो तर मलाही कोणी गोळी घालावी. तिथे कँडीचं बळ संपतं.

कार्लसन कुत्र्याला दोरी बांधून बाहेर नेतो. निघताना स्लिम त्याला फावडं बरोबर न्यायची आठवण करून देतो. नंतरचं अर्धं पान मला कादंबरीतलं सगळ्यांत अवघड पान वाटतं. कँडी खाटेवर आढ्याकडे बघत पडलेला. जॉर्ज पत्ते पिसतोय. कोणीतरी काहीतरी विषय काढतो आणि तो विषय तिथेच मरतो. फळ्यांखाली काहीतरी कुरतडल्याचा आवाज येतो, आणि सगळ्यांना तेवढाच दिलासा मिळतो. गोळी लवकर वाजत नाही. वाजते तेव्हा कँडी कूस बदलून भिंतीकडे तोंड करतो.

पुढे तो जॉर्जला सांगतो की कुत्र्याला मीच मारायला हवं होतं, परक्याच्या हातात द्यायला नको होतं. जॉर्ज नंतर वापरतो ते पिस्तूल याच कार्लसनचं, आणि गोळीची जागाही तीच. लेखकानं दोन्ही प्रसंग एकमेकांवर इतके नेमके बसवलेत की वाचकाच्या मनात एक समीकरण आपोआप तयार होतं: कँडीनं जे करायला हवं होतं ते जॉर्जनं केलं, आपल्या माणसाला परक्याच्या हाती पडू दिलं नाही.

जॉर्जची बाजू म्हणून हे समीकरण मला मान्य आहे. पण त्यात लेनी कुत्र्याच्या जागी बसवला जातो, आणि तिथे माझी अडचण सुरू होते. कुत्रा म्हातारा होता, त्याचं अंग दुखत होतं, त्याचे दिवस भरत आले होते. लेनी धडधाकट होता. काही तासांपूर्वी घडलेलं भयंकर कृत्य त्याला नीटसं आठवतही नव्हतं. त्याला एकच काळजी होती, जॉर्ज रागावेल आणि ससे मिळणार नाहीत. लेनीला काहीही दुखत नव्हतं.

कोठार ते डोह

दयामरणाचं समर्थन एकाच पायावर उभं राहतं: मरणाऱ्याला असह्य यातना आहेत, आणि त्या थांबवायला मरणाशिवाय उपाय उरलेला नाही. असाध्य कर्करोगाचा रुग्ण, पाठीचा कणा मोडून पडलेलं जनावर, यांच्या बाबतीत वाद घालता येतो. लेनीच्या बाबतीत यातना आत्ता नाहीत, पुढे येणार आहेत. त्याही आजारातून येणार नाहीत, माणसांच्या हातून येणार आहेत. म्हणजे जॉर्ज लेनीला लेनीच्या दुखण्यातून सोडवत नव्हता, तो त्याला कर्लीपासून सोडवत होता.

ही भीती खोटी नव्हती. लेनीनं आधी एकदा कर्लीचा हात चिरडलेला होता. बायकोचं प्रेत बघून कर्लीचं पहिलं बोलणं सूडाचं आहे: दिसला की पोटात गोळी घाला. त्या काळी त्या भागात जमावाकडून काय होऊ शकतं, याची साक्ष खुद्द कॅलिफोर्नियानं दिलेली होती. नोव्हेंबर १९३३ मध्ये सॅन होजे शहरात जमावानं तुरुंग फोडून अपहरण आणि खुनाचा आरोप असलेल्या दोघांना बागेतल्या झाडांना लटकावलं, आणि राज्याचे गव्हर्नर जेम्स रॉल्फ यांनी त्याची जाहीर तरफदारी केली. सॅन होजे सोलेदादपासून फार लांब नाही.

तरीही ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे वाक्य कादंबरीच्या मजकुराशी ताडून बघावं लागतं. प्रेत बघितल्यावर जॉर्जच्या तोंडून पहिल्यांदा निघतं ते लेनीला धरून कोंडून ठेवण्याबद्दल, कारण मोकळा सुटला तर तो उपाशी मरेल. कँडी उलट म्हणतो, त्याला पळून जाऊ दे, कर्ली त्याला सोडणार नाही. म्हणजे दोन पर्याय पहिल्या काही मिनिटांतच बोलून झालेले आहेत. मग जॉर्ज कँडीला सांगतो, तू थोड्या वेळानं बाहेर येऊन बोंब मार, मी आधी मजुरांच्या खोलीत जातो आणि काहीच माहीत नसल्यासारखा परत येतो. सगळे जमतात. कार्लसन पिस्तूल आणायला धावतो. त्याच वेळी जॉर्ज स्लिमला विचारतो, आपल्याला त्याला जिवंत आणून कोंडता येणार नाही का? स्लिम म्हणतो, कर्लीला घरी थांबवता आलं तर जमेल, पण तो थांबणार नाही. आणि समजा कोंडलंच, बांधून पिंजऱ्यात ठेवलं, तर ते तरी काय चांगलं? मग कार्लसन ओरडत येतो: पिस्तूल चोरीला गेलं.

ते जॉर्जच्या खिशात आहे. जिवंत पकडता येईल का असं तो विचारत होता तेव्हाही ते तिथेच होतं.

यावरून जॉर्ज ढोंगी होता असं मला म्हणायचं नाही. बुडत्या माणसासारखा तो स्लिमकडे एखादा वेगळा शब्द मागत असावा, आणि मिळाला असता तर पिस्तूल खिशातच राहिलं असतं. पण निर्णयाचा क्रम बघायला हवा. साधन आधी हाती आलं आणि सल्ला नंतर विचारला गेला. ज्याला विचारलं त्यानंच कुत्र्याच्या वेळीही निकाल दिला होता, आणि दोन्ही वेळा त्याचं बोलणं एकाच वळणाचं आहे: अशा जगण्यापेक्षा मरण बरं.

आणखी एक तपशील वर्गात क्वचितच कोणाच्या ध्यानात येतो. व्हिट नावाच्या मजुराला डेप्युटी शेरीफला आणायला सोलेदादला पाठवलेलं असतं. कायदा वाटेत होता. तो वेळेत पोचला असता का, आणि पोचून कर्लीला आवरलं असतं का, हे कादंबरी सांगत नाही. पण डोहाची जागा जॉर्जशिवाय कोणालाच माहीत नव्हती. हाका जवळ यायच्या आत थोडा का होईना वेळ त्याच्या हातात होता, आणि तो त्यानं कशासाठी वापरायचा हे त्याचं आधीच ठरलेलं होतं.

कोंडून ठेवलेला लेनी

स्लिमनं ज्या पर्यायावर काट मारली, त्याची एक खरी हकीगत आहे. १९३७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला दिलेल्या मुलाखतीत स्टाइनबेकनं सांगितलं की लेनी खरा माणूस होता, आपण त्याच्याबरोबर मळ्यावर कित्येक आठवडे काम केलं होतं. त्यानं मुलीला मारलं नव्हतं, मुकादमाला मारलं होतं. मुकादमानं त्याच्या मित्राला कामावरून काढलं म्हणून तो चिडला आणि त्यानं गवत उचलायचा काटा त्याच्या पोटात खुपसला. आणि तो माणूस मुलाखतीच्या वेळी कॅलिफोर्नियातल्या मनोरुग्णालयात होता.

म्हणजे खऱ्या आयुष्यात जमावानं त्याला मारलं नाही आणि मित्रानंही मारलं नाही. त्याला कोंडलं. कादंबरीत जो पर्याय दोन वाक्यांत निकालात निघतो, तोच प्रत्यक्षात घडला होता आणि लेखकाला ते माहीत होतं. हे कळल्यावर मी शेवटची पानं पूर्वीसारखी वाचू शकले नाही.

तिथलं जगणं चांगलं होतं असा दावा मी करणार नाही. कॅलिफोर्नियानं १९०९ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता आणि पुढच्या काही दशकांत सरकारी संस्थांमधल्या सुमारे २०,००० लोकांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. ज्यांना ‘मंदबुद्धी’ ठरवलं जाई ते त्यात मोठ्या संख्येनं होते. स्लिमला पिंजरा दिसत होता, त्यात त्याची चूक नव्हती. पण वाईट संस्थेतलं जगणं हे मरणापेक्षा वाईट आहे, हे तिथे राहणाऱ्याच्या वतीनं बाहेरच्या माणसानं ठरवायचं का? कादंबरीतला मोतद्दार क्रूक्स, एकुलता काळा माणूस, पाठीत वाकलेला, वेगळ्या खोपटात ठेवलेला, त्याच्या जगण्याबद्दलही कोणी असंच म्हणू शकलं असतं. क्रूक्सनं तसं म्हटलं नाही. तो पुस्तकं वाचत होता आणि कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याची जुनी प्रत जवळ बाळगत होता.

या तर्काची टोकाची जागा कादंबरीनंतर दोनच वर्षांनी दिसली. १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घातलेल्या एका पत्रानं हिटलरनं डॉक्टरांना असाध्य ठरवलेल्या रुग्णांना ‘दयामृत्यू’ द्यायची मुभा दिली. ऑगस्ट १९४१ पर्यंत मनोरुग्णालयांतून आणि अपंगांच्या संस्थांतून नेऊन ७०,००० हून अधिक माणसं विषारी वायूनं मारली गेली. जॉर्जला त्या डॉक्टरांच्या रांगेत बसवणं घोर अन्याय होईल; त्याचं लेनीवर प्रेम होतं. कार्लसनचं वाक्य मात्र त्या रांगेतलं आहे: त्याचा तुला उपयोग नाही, आणि त्याला स्वतःलाही नाही.

साबरमतीचं वासरू

हा पेच भारतातही मांडला गेला आहे, आणि तोही अहिंसेच्या आश्रमात. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातलं एक वासरू असह्य वेदनांनी तडफडत होतं, उपचाराची आशा उरली नव्हती. गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववून त्याचा शेवट करवला. देशभरातून संतापाची पत्रं आली. त्यांनी लेख लिहून उत्तर दिलं, आणि त्याच लेखात आश्रमाच्या शेतीची नासधूस करणाऱ्या माकडांचाही प्रश्न घेतला. वासराला मारण्यात त्याच्या वेदना थांबवणं एवढाच हेतू होता, माकडांना मारलं तर ते आपल्या पिकासाठी असेल, म्हणून ती हिंसा, असा त्यांचा भेद होता. माणसांबद्दल त्यांनी म्हटलं की आजारी आप्तांना आपण मारत नाही, कारण त्यांच्यासाठी काही ना काही करण्यासारखं आपल्या हातात असतं आणि ते स्वतः विचार करून ठरवू शकतात.

ही कसोटी इथे लावली की जॉर्ज अडकतो. कुत्र्याच्या बाबतीत कार्लसन सरळ माकडांच्या बाजूला जातो, कारण वास त्याला येत होता. लेनी वासराच्या बाजूला बसत नाही, कारण वेदना नाहीत. माकडांच्याही बाजूला बसत नाही, कारण जॉर्जला काही मिळवायचं नव्हतं. उलट त्या गोळीनं त्याचं स्वप्नही संपलं. आणि लेनी काहीच ठरवू शकत नव्हता असं म्हणावं, तर कादंबरीत तो पुन्हा पुन्हा सांगतो: तुला नको असेन तर मी डोंगरात जाऊन गुहेत राहीन. ते वेडगळ आहे, अंमलात येणारं नाही. पण जगायचं आहे एवढं त्यातून स्पष्ट कळतं. त्याची इच्छा ऐकू आली नाही असं म्हणायला जागाच उरत नाही.

जवळचं माणूस कोण

मराठी वाचकाला इथे अरुणा शानबाग यांची आठवण होणं साहजिक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगारानं गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून अत्याचार केला. मेंदूला इजा झाली, आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांना मरू द्यावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं तो फेटाळला, पण कडक अटींवर निष्क्रिय दयामरणाची वाट मोकळी केली. २०१८ मध्ये घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य करून ती वाट रुंद केली.

त्या निकालातला एक भाग मला जॉर्जच्या प्रकरणाला सगळ्यांत जवळचा वाटतो. रुग्णाच्या वतीनं बोलायचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयानं अर्जदाराऐवजी केईएमच्या परिचारिकांचं म्हणणं मानलं, कारण वर्षानुवर्षं अंघोळ घालणारे, भरवणारे, कूस बदलणारे हात त्यांचे होते. आणि त्या म्हणत होत्या, आम्हाला त्या हव्या आहेत. अंथरुणावर इतकी वर्षं काढूनही त्यांच्या अंगाला जखमा झाल्या नव्हत्या, यात त्या हातांची मेहनत दिसते.

जॉर्जही असाच जवळचा माणूस आहे. कर्लीपेक्षा, स्लिमपेक्षा, शेरीफपेक्षा लेनीवर त्याचाच हक्क जास्त, असं मी बिनदिक्कत म्हणेन. फरक एवढाच की परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या तरी काळजी वाटून घेतली जात होती, पाठीशी रुग्णालय होतं, महापालिका होती. जॉर्ज एकटा होता. क्लारा मावशी गेल्यावर लेनीचं सगळं ओझं एका फिरत्या मजुराच्या खांद्यावर आलं आणि कोणीही त्याचं टोक धरलं नाही. असा माणूस शेवटी काय करेल याचा दोष त्याच्या एकट्याच्या पदरात घालणं मला जमत नाही. मतिमंद मुलांचे म्हातारे होत चाललेले आईवडील ‘आमच्यामागे याचं काय’ असं विचारतात, तेव्हा तो प्रश्न जॉर्जचाच असतो.

आपल्याकडच्या कायद्यात मात्र जॉर्जला आसरा नाही. निष्क्रिय दयामरण म्हणजे उपचार थांबवणं. त्यालाही २०१८ च्या निकालानं दोन वैद्यकीय मंडळांची तपासणी लावली आहे, म्हणजे निर्णय एका माणसाच्या खिशात राहत नाही. गोळी घालणं त्यात कुठेच बसत नाही. अठरा वर्षांवरील माणसाच्या संमतीनं त्याचा मृत्यू घडवला तर गुन्ह्याची तीव्रता कमी होते, पण लेनीनं संमती दिली नव्हती. संमती देऊ न शकणाऱ्याच्या भल्यासाठी सद्हेतूनं केलेल्या कृतीला कायदा संरक्षण देतो, पण जाणूनबुजून मृत्यू घडवण्याला ते लागू नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे.

टेक्सासचा लेनी

काल्पनिक पात्राबद्दल वाटणारी दया किती भरवशाची, हे एका खऱ्या न्यायालयात दिसलं. २००२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना फाशी देता येणार नाही असा निकाल दिला. ते कोणाला लागू करायचं हे ठरवताना टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयानं २००४ मध्ये स्टाइनबेकच्या लेनीचं नाव घेतलं: लेनीसारख्याला सूट मिळावी हे बहुतेक टेक्सासवासीयांना पटेल. त्या निकालानं घालून दिलेल्या निकषांवर पुढची प्रकरणं तोलली जाऊ लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये मार्व्हिन विल्सन या कैद्याला देहदंड दिला गेला. त्याचा बुद्ध्यांक एका चाचणीत ६१ आला होता. लेखकाचे पुत्र थॉमस स्टाइनबेक यांनी वडिलांच्या पात्राचा असा वापर केल्याबद्दल जाहीर निषेध केला. ते निकष २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकशास्त्राला धरून नाहीत म्हणून फेटाळले.

लेनीसाठी डोळे पुसणं सोपं आहे, कारण तो पूर्ण निरागस आणि पूर्ण असहाय रंगवलेला आहे. जो थोडं वाचू शकतो, थोडं खोटं बोलू शकतो, त्याच्या वाट्याला ती दया येत नाही. आणि लेनीच्या वाट्याला येते तीही त्याला जगू देणारी नसते.

माझा निकाल

लेनीचा खून झाला, आणि तो जॉर्जनं केला. प्रेमानं केला, लोभ नव्हता, हाका जवळ आल्या होत्या, आणि कर्लीच्या हाती लेनी सापडला असता तर त्याचा अंत हालहाल होऊन झाला असता. शिक्षा ठरवताना हे सगळं जॉर्जच्या बाजूनं धरावं, आणि शिक्षा अगदी हलकी असावी. पण लेनीचं भलं झालं, असं मी म्हणणार नाही. पिस्तूल आधी खिशात गेलं, पळवून नेण्याचा आणि कोंडण्याचा पर्याय एका माणसाच्या शब्दावर सोडून दिला गेला, आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न होता त्याला जगायचं होतं.

माझा सगळ्यांत मोठा आक्षेप गोळीनंतरच्या क्षणाला आहे. कार्लसन विचारतो, पिस्तूल लेनीकडे होतं ना, तू ते हिसकावून घेतलंस ना? जॉर्ज थकलेल्या आवाजात हो म्हणतो. स्लिमला खरं कळलेलं असतं. तुला करणं भागच होतं, असं शपथेवर सांगून तो जॉर्जला दारू प्यायला घेऊन जातो. म्हणजे आता खटला होणार नाही. खुनी वेडा पिस्तुलाच्या झटापटीत मेला, अशी नोंद होईल, आणि लेनीच्या नावावर त्यानं न केलेली चोरीही लागेल.

खटला व्हायला हवा होता, जॉर्जसाठीसुद्धा. साक्षीदारांच्या पिंजऱ्यात कँडी आला असता आणि त्यानं सांगितलं असतं की मी त्याला पळू द्या म्हणालो होतो. कर्लीला विचारता आलं असतं की पोटात गोळी घालायचा हुकूम तू कोणत्या अधिकारानं दिलास. स्लिमला सांगावं लागलं असतं की माणसाचा पिंजरा आणि कुत्र्याचं म्हातारपण तू एकाच मापानं का मोजलंस. मालकाला उत्तर द्यावं लागलं असतं की आपल्या मळ्यावरचा जमाव त्यानं का थोपवला नाही. आणि व्हिटला विचारता आलं असतं की सोलेदादहून डेप्युटी शेरीफ निघाला केव्हा, आणि मळ्यावर पोचला केव्हा.